दोन वह्यांतली एकच चूक

ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत कळंबला पाणी टँकरनं येत होतं आणि प्रतिप्रोटॉन एसटीनं. प्रतिप्रोटॉन म्हणजे त्यांचे फोटो. पत्र्याच्या गोल डब्यांत फिल्मचे रोल, डबे गोणपाटात शिवलेले, आणि गोणपाट औरंगाबाद गाडीच्या टपावर. ते उतरवून घ्यायला मी स्टँडवर जात असे. कंडक्टर मला तंबू टॉकीजवाला समजायचा. एकदा त्यानं कसला पिक्चर आणलाय म्हणून विचारलं, तेव्हा मी मारधाडीचा आहे असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

मी तिथल्या कॉलेजात फिजिक्सचा अधिव्याख्याता होतो. कॉलेज तालुक्यातल्या सहकारी पुढाऱ्यांनी काढलेलं. इमारत नकाशात होती आणि वर्ग एका जुन्या धान्यगोदामात भरत. पीएच.डी.साठी मी औरंगाबादला नाव घातलं होतं. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडं युरोपातल्या एका जुन्या प्रयोगाच्या फोटोंचा वाटा आलेला होता. द्रवरूप हायड्रोजननं भरलेल्या टाकीत प्रतिप्रोटॉनांचा झोत सोडायचा. त्यातला एखादा प्रोटॉनवर आदळला की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या ऊर्जेतून वेगळेच कण बाहेर पडतात. विद्युतभार असलेला कण ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर बारीक बुडबुडे उठतात, आणि ते फुगून एकमेकांत मिसळायच्या आत तीन बाजूंनी तीन कॅमेरे फोटो घेतात. असे हजारो फोटो. तिथल्या लोकांनी ते एकदा बघून बांधून ठेवले होते.

ते पुन्हा सोडायचं कारण अमेरिकेतून आलं. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क असतात आणि त्यांना ग्लुऑन नावाचे कण एकत्र धरून ठेवतात, इतपत तोवर पाठ्यपुस्तकांत येऊ लागलं होतं. पण ग्लुऑनची एक खोड अशी की ते एकमेकांनाही चिकटतात. मग क्वार्क अजिबात नसलेला, नुसत्या ग्लुऑनांचा बनलेला एखादा कण का नसावा? सहकाराच्या तालुक्यात राहणाऱ्याला ही कल्पना जड जात नाही. सभासद एकही नाही, नुसताच सहकार, अशा दोन संस्था मी पाहिल्या होत्या, आणि दोन्हींच्या वार्षिक सभा रीतसर होत. तर अमेरिकेत एका प्रयोगात असा कण दिसल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं वस्तुमान आमच्या जुन्या फोटोंतून पूर्वी निघालेल्या एका कणाच्या वस्तुमानाशी बरंचसं जुळत होतं. दोन्ही एकच की वेगळे? तो ग्लुऑनांचा की साधाच, क्वार्कांचा? याच्यावर परदेशात परिषदा भरत होत्या आणि शोध लागल्याचं सांगणारे लोक फेटे न बांधता का होईना, पण आमच्या पुढाऱ्यांच्याच थाटात बोलत होते. मला खरोखर उत्सुकता होती. ज्याला बांधायचं तेच नाही आणि नुसतं बांधणं शिल्लक आहे, अशी वस्तू जगात असू शकते का, हा प्रश्न मला आजही चांगला वाटतो.

फोटोंचं काम मात्र साधं होतं. टेबलावर पांढरा पृष्ठभाग, वर प्रोजेक्टर. एकेक फोटो टेबलावर पाडायचा आणि ज्यात विशिष्ट खूण दिसेल त्याचा क्रमांक वहीत लिहायचा. खूण म्हणजे इंग्रजी व्ही. टकरीतून एखादा भार नसलेला कण निघतो. त्याची वाट दिसत नाही, कारण त्याला बुडबुडे उठवता येत नाहीत. थोडं कोरं अंतर जाऊन तो फुटतो आणि दोन वाटा अचानक कोऱ्या जागेतून फुटलेल्या दिसतात. आम्ही ज्याच्या मागं होतो तो कण असल्या खुणा सोडून जाण्याची शक्यता होती. मोजमापाचं यंत्र विद्यापीठात. नुसतं बघण्याचं काम कळंबला.

कॉलेजच्या संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी उद्घाटन केलं. प्रोजेक्टरला हार घातला आणि नारळ टेबलावर फोडायच्या बेतात होते, तो मी दारातल्या दगडाकडं वळवला. अणूचं संशोधन आता मुंबईची मक्तेदारी राहिलेलं नाही, असं ते म्हणाले. मग हळूच मला विचारलं, ह्यातून उसाला काय? मी काही नाही म्हटलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मग भाषणात नको घ्यायला ते."

बघायला दोन बायका नेमल्या. थोरली चाळिशीच्या आसपासची, बौद्ध वस्तीतली. लग्नानंतर घरी अभ्यास करून मॅट्रिक झालेली, आणि तरी चार वर्षं पाझर तलावाच्या रोजगार हमीवर माती वाहिलेली. धाकटी विशीतली, धनगराच्या घरची, अकरावीत शाळा सुटलेली. प्राध्यापकांनी दोघींना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं: सहा महिन्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक कायम जागा निघणार आहे, आणि जिचं बघणं चांगलं ठरेल तिला ती मिळेल. थोरलीनं त्याच दिवशी मला परत एकदा नीट विचारून घेतलं. कायम म्हणजे उन्हाळ्यात बंद होत नाही ना? पाऊस पडला तरी बंद होत नाही ना? हमीचं काम पाऊस पडला की संपायचं. ही जागा तिला किती हवी होती ते लपवायचा तिनं कधी प्रयत्न केला नाही.

मी त्यांना नियम वाचून दाखवला. एकच रोल दोघींनी बघायचा. थोरलीनं सकाळी, धाकटीनं दुपारी. वेगळं बसायचं. एकमेकींशी त्याबद्दल बोलायचं नाही. एकमेकींच्या वहीला हात लावायचा नाही. नियमावली इंग्रजीत होती, मी तिचं जरा जड मराठी करून, एखादा जीआर वाचावा तसं वाचलं. दोघी मान हलवून गेल्या.

काम सुरू झालं आणि माझा वेळ मजेत जाऊ लागला. आठवड्यात त्यांनी सगळ्या आकृत्यांची नावं पाडली. व्हीला बेचकं. टाकीभोवतीच्या चुंबकात सापडून गरगर फिरलेल्या इलेक्ट्रॉनला जिलबी. टकरीच्या जागेला खळं, कारण तिथून चौफेर उधळलेलं असे. धाकटीला वाटांची नजर उपजत होती. ही वाट आधीची, ही तिच्यावरून गेलेली, हे ती मेंढरांच्या पावलांवरून सांगावं तसं सांगे. थोरलीला प्रश्न पडत. ह्या सगळ्यातून तुम्ही शोधताय ते काय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, प्रोटॉनमध्ये एक डिंक असतो, तर नुसत्या डिंकाचा लाडू सापडतो का ते बघतोय.

"नुसत्या डिंकाचा लाडू वळत न्हाय सर," ती म्हणाली. "तूप-गूळ लागतंय. तुमच्या प्राध्यापकांनी बाळंतिणीचं कधी केलं न्हाय वाटतं."

परदेशातल्या निम्म्या लोकांचा आक्षेप साधारण हाच होता.

तीन महिन्यांनी मी पहिल्या रोलांच्या याद्या औरंगाबादला पाठवल्या. दोघींच्या याद्या तंतोतंत जुळत होत्या. प्राध्यापकांचं पत्र आलं: असं बघणं त्यांनी कुठं पाहिलं नव्हतं, युरोपातले स्कॅनरही काहीतरी सोडतात. मी ते पत्र प्राचार्यांना दाखवलं, प्राचार्यांनी चेअरमनसाहेबांना, आणि चेअरमनसाहेबांनी एका सभेत कळंबच्या मायभगिनींनी युरोपावर मात केल्याचं जाहीर केलं. मी स्टेजवर होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात, वर्गात मुलांना दाखवायला नमुना हवा म्हणून मी त्या याद्यांतला एक फोटो काढून टेबलावर पाडला. त्यात बेचकं नव्हतं. तिन्ही कॅमेऱ्यांचे फोटो लावून बघितले. काहीच नव्हतं, टक्करसुद्धा नव्हती. पुढचे-मागचे फोटो बघत गेलो तेव्हा लक्षात आलं की क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. आकडे सरळ करून बघितलं तर बेचकं तिथं होतं, छान, टपोरं. लिहिताना कुणाचंही असं होतं. मी थोरलीच्या वहीत ते दुरुस्त केलं आणि सहज धाकटीची वही उघडली. तिच्यातही तेच दोन आकडे तसेच उलटे होते.

मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन माणसांना एकच खरी गोष्ट दिसणं रास्त आहे. दोन माणसांची एकच चूक होण्यासाठी त्यांना शेजारी बसावं लागतं. आणि मग तीन महिन्यांच्या त्या जुळणाऱ्या याद्यांतून मला काहीच कळलेलं नव्हतं. माझ्या प्रबंधाचा पाया त्यात गेला होता, पण खरं सांगायचं तर मला आधी सभेतल्या टाळ्याच आठवल्या.

सकाळी दोघी आल्या. दोघी, कारण त्या रोज दोघीच येत होत्या. सकाळच्या पाळीलाही आणि दुपारच्याही. माझे तास त्या वेळी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला असत आणि मी कधी इकडं येऊन बघितलं नव्हतं. मी वह्या पुढं केल्या आणि चिडून विचारलं की वेगळं बसायचं सांगितलं होतं ना.

धाकटी खाली बघत राहिली. थोरली मात्र माझ्याकडं बघत होती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "हिच्यापासनं लांब बसा. हिच्या वहीला हात लावू नका. सर, असलं आमाला कुणी पहिल्यांदा सांगितलं न्हाय. शाळेत असताना रोज ऐकलंय."

मी पुढं केलेल्या वह्या मागं घेतल्या.

"ही पहिल्याच दिवशी दुपारी आली, आन माझ्या वहीला मुद्दाम हात लावला," थोरली म्हणाली. "म्हणली, अक्का, सरांचं सर बघतील, आपण एकीकडंच बसू. माझं राहिलेलं तिनं दाखवायचं, तिचं राहिलेलं म्या. त्यात काय वाईट केलं?"

वाईट काहीच केलं नव्हतं. नियमाला कारण असतं, ते मी सांगितलं नव्हतं. आणि कारण न सांगता म्हटलेल्या त्या वाक्याला आमच्या गावात एकच अर्थ होता. तो मला ऐकू आला नाही, कारण मला तो कधी कुणी ऐकवलेलाच नव्हता. मी माफी मागितली. ती जरा जडच झाली, नियमावलीसारखी. मग मी कारण सांगायला लागलो आणि दोन वाक्यांत अडकलो, तेव्हा धाकटीनं तोंड उघडलं.

तिचा बाप आणि चुलता संध्याकाळी दोघंही मेंढरं मोजत. एक वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी, एक मागच्या अंगाला. मोजून होईपर्यंत बोलायचं नाही, हा घरचा कायदा. "बोललं की दुसऱ्याचं डोळं पहिल्याचंच मोजतंय," ती म्हणाली. "तुमचंबी तसंच हाय का?"

तसंच होतं. मी वहीवर काढून दाखवलं: थोरलीला दिसलेल्यांतली किती धाकटीच्या हातून सुटली, धाकटीला दिसलेल्यांतली किती थोरलीच्या. हे दोन आकडे खरे असले की तिसरा आकडा हिशेबानं काढता येतो: दोघींनाही न दिसलेली किती. आणि न दिसलेली किती हे कळल्याशिवाय दिसलेल्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

थोरलीनं कागदावर बोट ठेवलं. "म्हंजे आमचं जुळत न्हाय, तितकंच तुमच्या कामाचं."

"हो."

"आन आमी सगळं जुळवून ठेवलं." मग तिला पुढचं सुचलं. "मंग जागेचं? आमचं दोघींचं सारखंच भरलं तर प्राध्यापक कुणाला नेणार होते?"

ते मलाही सुचलं नव्हतं.

पहिल्या रोलापासून पुन्हा बघायचं ठरलं. प्राध्यापकांना मी कळवलं. ते रागावले नाहीत, फक्त या याद्यांबद्दल त्यांनी युरोपवाल्यांना कौतुकानं पत्र पाठवलं होतं, ते मागं घ्यावं लागलं. चेअरमनसाहेबांचं भाषण मागं घ्यायची सोय नव्हती. यावेळी दोघी खरंच वेगळ्या बसल्या, आणि कारण कळल्यावर इतक्या कडक झाल्या की दुपारी एकमेकींना भेटल्या तरी फक्त टँकर कधी आला एवढंच बोलत.

तीन रोल झाल्यावर मी याद्या ताडून बघितल्या. सगळं धरून मला वाटत होतं की थोरली पुढं असेल. तिलाही तसंच वाटत होतं, पोरीला आपण सांभाळून घेतो अशी तिची समजूत होती. निघालं उलटं. थोरलीच्या हातून बारीक बेचकी सर्रास सुटत होती, विशेषतः खळ्याच्या अगदी जवळची. पहिल्या तीन महिन्यांत ती सगळी तिला धाकटीनं दाखवली होती आणि त्याबद्दल कुठं एक शब्दही काढला नव्हता.

मी हे थोरलीला सांगितलं, कारण सांगणं भाग होतं.  ती प्रोजेक्टरपाशी गेली, टेबलाजवळ वाकली, मग हळूहळू मागं सरकत गेली आणि हात लांब करून वही धरली. "लांबनं दिसतंय," ती म्हणाली. "जवळचंच न्हाय." त्या शनिवारी ती बार्शीला जाऊन चष्मा करून आली. काळ्या जाड काड्यांचा होता आणि तिला अजिबात शोभत नव्हता, असं धाकटी म्हणाली.

प्राध्यापक स्वतः आले ते सहावा महिना सरताना. त्यांनी एक नवा रोल आणला होता आणि त्यावरच काय ते ठरवणार होते. दोन दिवस दोघींनी तो बघितला. एकीनं सकाळी, एकीनं दुपारी, आणि वह्या प्राध्यापकांच्या पिशवीत. मधल्या वेळात थोरली गोदामाच्या सावलीला बसून राहायची. पाझर तलावाच्या कामावरून बाया परतायच्या वाटेवरच गोदाम होतं. त्या तिला हाका मारत, ती हात वर करी, उठत नसे.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी आमच्यासमोरच याद्या जुळवल्या. एकेका क्रमांकापुढं बरोबरीची खूण करत गेले. चष्म्यानं फरक पडला होता. धाकटीकडून सुटलेली काही थोरलीनं पकडली होती, थोरलीकडून सुटलेली काही धाकटीनं. शेवटी त्यांनी दोन आकडे कागदाच्या तळाशी लिहिले. धाकटी पुढं होती, पण थोड्यानंच.

प्राध्यापक भले गृहस्थ. त्यांनी थोरलीच्या तोंडाकडं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले की एवढा फरक म्हणजे फरकच नाही, दोघी सारख्याच धरायला हरकत नाही. मग वयाचा विचार करता येईल.

"सारखं धरू नका सर," थोरली म्हणाली. "एकदा सारखं धरलं त्यात तीन महिने गेले."

"तसं नाही, पण—"

"तिला जास्त दिसतंय. तसं लिवा."

धाकटी म्हणाली, "अक्का, म्या जात न्हाय. घरचं पाठवणार न्हायत."

"घरच्यांना म्या येऊन सांगते," थोरली म्हणाली. "तुला कुणी दिलेली न्हाय जागा. मोजून निघाली हाय."

प्राध्यापकांनी लिहिलं. थोरलीनं तो कागद मागून घेतला, चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली. पुसणं जरा लांबलं. आम्ही तिघंही दुसरीकडं बघत होतो.

धाकटीच्या घरी थोरली खरंच गेली. बापानं चार दिवस घेतले आणि मग स्वतः तिला औरंगाबादच्या गाडीत बसवून दिलं. ती तिथंच पुढं बरीच वर्षं होती. आमच्या फोटोंतून नुसत्या ग्लुऑनांचा कण सापडला असं म्हणता येईल इतकं काही निघालं नाही. असलाच तर अमुक एका प्रमाणापेक्षा जास्त नाही, एवढं म्हणता आलं. आणि तेही दोघींना न दिसलेल्यांचा आकडा हाताशी होता म्हणूनच. परदेशातला वाद माझ्या प्रबंधानंतरही चालू राहिला, आणि माझ्या समजुतीप्रमाणं अजून पुरता मिटलेला नाही. थोरली रोल संपेपर्यंत माझ्याकडं होती. नंतर तिच्यासाठी माझ्याकडं काही नव्हतं. पुढं तिनं स्वतः अर्ज करून अंगणवाडीत नोकरी मिळवली, ती माझ्यामुळं नाही.

पण धाकटी गेली त्यानंतरच्या सोमवारी अजून बरेच डबे शिल्लक होते. थोरली सकाळी वेळेवर आली, काळे पडदे ओढले आणि रोल चढवता चढवता म्हणाली, आता दुसऱ्यांदा कोण बघणार? मी म्हटलं, दुपारी मीच बघेन, दुसरं कोण आहे. ती बरं म्हणाली. अकरा वाजता तिची पाळी संपली आणि मी रोजच्यासारखं तिची वही घ्यायला हात पुढं केला. तिनं वही दिली नाही. पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं, आणि तुमचं झाल्यावरच आणते असं सांगून ती घरी गेली.